शून्यलब्धी आणि चोवीस सेंटिमीटरचा पत्रा

गेल्या वर्षी गणपती उठले त्या आठवड्यात शेजारची मुलगी वही घेऊन आली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. म्हणाली, "काका, उत्तर बरोबर आलंय, पण कशाचं आलंय ते कळत नाही."

हे वाक्य मी पस्तीस वर्षांपूर्वी कुणापाशी तरी बोलायला हवे होते. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मी कॉलेजात गेलो आणि पहिल्या वर्षीच कॅल्क्युलसच्या पेपरात आपटलो. सूत्रे पाठ होती. 'रेट ऑफ चेंज' हे शब्द शंभरदा ऐकले होते, पण बदलतेय काय आणि कशाच्या मानाने, हे एकदाही विचारले नाही, कुणी सांगितलेही नाही. पुढे कॉलेज सुटले आणि नगर-मनमाड रस्त्यावरच्या नागापूरच्या एमआयडीसीत पत्राकामाच्या शॉपमध्ये लागलो. गणित नंतर भेटले ते रद्दीतल्या पुस्तकांतून, रात्रपाळीच्या फावल्या वेळात.

तिच्या वहीतले गणित प्रत्येक विद्यापीठाच्या प्रत्येक पुस्तकात असते. चौरस पत्र्याच्या चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापायचे, कडा वर दुमडायच्या आणि बिनझाकणाचा ट्रे करायचा. त्यात जास्तीत जास्त माल मावावा म्हणून कोपरा किती कापावा? पुस्तकवाल्यांना हे काल्पनिक वाटते. नागापुरात असे ट्रे मी हजारांनी दुमडले आहेत.

पत्रा २४ सेंटिमीटरचा घेऊ. कोपरा क्ष इतका कापला तर तळाची बाजू २४ वजा दोन क्ष उरते आणि उंची क्ष होते. मुले इथेच चुकतात. काय बदलते आहे ते न लिहिता थेट अवकलन करायला धावतात. अवकलन हा हमाली भाग आहे, तो सरावाने येतो. पत्र्याचे वाक्य समीकरणात बसवणे हे खरे काम.

आधी नुसता हिशेब केला. कोपरा ३ सेंटिमीटर कापला तर १८ गुणिले १८ गुणिले ३, म्हणजे ९७२ घनसेंटिमीटर. ४ कापला तर १०२४. ५ कापला तर ९८०. म्हणजे चारच्या आसपास काहीतरी आहे. मग तिला विचारले, "कोपरा केसभर जास्त कापला तर काय होईल?" ती म्हणाली, "उंची वाढेल." बरोबर. तळावर केसभर जाडीचा नवा थर चढेल, म्हणजे तळाच्या क्षेत्रफळाइतका फायदा. पण चारही भिंती केसभर आत सरकतील, म्हणजे भिंतींच्या एकूण क्षेत्रफळाइतका तोटा. फायद्यातून तोटा वजा केला की झाले अवकलन! तीनला तळ ३२४, भिंती २१६. फरक १०८, म्हणजे अजून कापण्यात फायदा. पाचला तळ १९६, भिंती २८०. ८४ चा तोटा, म्हणजे जास्त कापले गेले. चारला तळ २५६ आणि भिंतीही २५६. फायदा-तोटा शून्य.

तिच्या वहीत सूत्राने दोन उत्तरे आली होती, ४ आणि १२. बारा तिने खोडले होते, का ते लिहिले नव्हते. चोवीसच्या पत्र्यातून दोन्हीकडून बारा-बारा कापले तर हातात ट्रे नव्हे, भंगार उरते. (भंगाराचेच म्हणाल तर चारच्या कापातही पत्र्याचा नववा हिस्सा वाया जातो. परीक्षेत तो कुणी विचारत नाही, आमचा सुपरवायझर पहिला तोच विचारायचा.)

बदल शून्य होतो तिथे मोठेपणाची कमाल असते, हा विचार मराठी मुलखाला नवा नाही. भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० ला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुरा केला. चंद्र झपाट्याने सरकतो, त्याची गती दिवसाच्या दिवसातही बदलते. म्हणून त्यांनी दिवसाच्या गतीवर न थांबता 'तात्कालिकी गती' मांडली, त्या क्षणाची गती. आणि गोलाध्यायात लल्लाचे मत खोडताना त्यांनी दाखवले की ग्रहाच्या मध्यम स्थानात करायची दुरुस्ती जिथे सर्वांत मोठी असते, तिथे गतीतली दुरुस्ती शून्य होते. माझ्या ट्रेचे चार सेंटिमीटर ते हेच. एवढ्यावरून भास्कराचार्यांनी सगळे कॅल्क्युलस शोधले असे म्हणणाऱ्यांत मी नाही. प्रत्येक वक्ररेषेला लागू पडेल अशी सर्वसाधारण रीत तिथे नाही, ती न्यूटन-लायब्निझची. पण मर्म हाती लागले होते, आणि ते शिकवण्याची सोयही झाली होती. चाळीसगावजवळच्या पाटणच्या १२०७ च्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे.

मला जास्त टोचते ते पुढचे. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत. १८४६ मध्ये, चाळिशीही न गाठता, ते वारले. त्याआधी त्यांनी अवकलनावर मराठीत पुस्तक लिहिले, त्याचे नाव 'शून्यलब्धि'. लब्धी म्हणजे भागाकाराचे उत्तर. अंतर शून्याकडे नेत नेत भागाकाराचे जे उत्तर हाती येते ती शून्यलब्धी, असा मी त्या नावाचा अर्थ लावतो. एका शब्दात सारी रीत! १९८८ साली माझ्या बाकावर हा शब्द नव्हता. असता तर मी पास झालो असतो असा दावा नाही, पण प्रश्न तरी विचारला असता.

मुलीला हे सगळे सांगितले, तरी ती साशंकच होती. मग रविवारी पातळ पत्र्याचे तीन ट्रे केले, ३, ४ आणि ५ सेंटिमीटरचे. कोपऱ्यांना एम-सील लावले, पाणी भरले आणि एकेक ट्रे दुधाच्या लिटरच्या मापात ओतला. तीनच्या आणि पाचच्या ट्रेने माप काठाला पोचले नाही. चारच्या ट्रेने भरले आणि थोडे ओट्यावर सांडले.

"काका, तुमचा हा चारचा ट्रे एक मिलिमीटर चुकलाय," ती पट्टी लावून म्हणाली. खरेच चुकला होता, कोपरा ४.१ चा पडला होता. मी म्हटले, मग हिशेब कर. तिने केला. १०२३.५. जेमतेम अर्धा घनसेंटिमीटर कमी. तीनच्या ट्रेत तीच चूक धरून पाहिली तर फरक दहाचा. ती बराच वेळ दोन्ही आकड्यांकडे पाहत बसली, मग वहीत बाराच्या खोडलेल्या उत्तरापुढे काहीतरी लिहू लागली.