काळ्या पाषाणाची झीज : आधी पाणी बघा

दगडी वारशाच्या जतनाची चर्चा आपल्याकडे शिल्पांपासून सुरू होते आणि रसायनांपाशी संपते. मधली जागा भूरूपशास्त्रज्ञाची आहे, हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. डोंगर कसा झिजतो हे ज्याला उमगले, त्यालाच देवळाचा खांब का झिजतो ते कळते. ऑक्सफर्डच्या हेदर वाइल्स यांनी हीच वाट धरली. पडक्या भिंतीच्या माथ्यावर माती-गवताचा थर राखला की भिंत टिकते आणि आयव्हीच्या पानांआड तिच्या तापमानाचे चढउतार कमी होतात, हे त्यांनी मोजून दाखवले. (आपला पिंपळ वेगळा, तो लहान असतानाच काढावा.) पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शरद राजगुरूंनी भूशास्त्र आणि पुरातत्त्वाची सांगड घातली, पण ती दृष्टी उत्खननाच्या खड्ड्यांतून उभ्या देवळांपर्यंत फारशी पोचली नाही.

ती दृष्टी कुठे हवी, ते कोल्हापूर भागातच बघा. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मंदिरावर पुष्कळ लिहिले गेले आहे, ते पुन्हा उगाळत नाही. पन्हाळगडाचे थोडक्यात सांगतो. माथ्यावर जांभा, खाली बेसाल्ट. जांभ्यातून झिरपलेले पाणी खालच्या चिकण थरावर अडते आणि कड्याच्या अंगाने बाहेर पडते. त्यामुळे तटाच्या डागडुजीआधी गडावरच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या करायला हव्यात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा किल्ल्यांबरोबर पन्हाळाही आला. आता निधी येईल, आणि त्यातून पहिली रंगरंगोटी होईल ही माझी धास्ती आहे.

खिद्रापूरला मात्र मी थांबणारच. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाचे छत मधोमध गोल उघडे, त्यामुळे पाऊस थेट आत. शेजारी कृष्णा, २००५, २०१९, २०२१ या महापुरांची वर्षे शिरोळ तालुका विसरणार नाही. तळाच्या गजथरातल्या हत्तींवरून बोट फिरवा. काही ठिकाणी दगड अजून गुळगुळीत आहे, तर काही ठिकाणी कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटतो आणि बोटाला भुगा लागतो. एकाच खाणीतल्या दगडांतही सच्छिद्र आणि घट्ट असा फरक असतो. पूर ओसरला की ओल सांध्यांतून आणि दगडाच्या छिद्रांतून बाहेर पडते, सोबतचे क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि वरचा थर ढकलतात.

काळ्या पाषाणाला, म्हणजे बेसाल्टला, काही होत नाही, असे बैठकांत ठासून सांगणारे भेटले. त्यांनीच सांध्यांत सिमेंट भरायला लावले. चुन्याचा सांधा ओल बाहेर सोडतो. सिमेंटने ती वाट बुजते, मग पाणी कमकुवत दगडातूनच निघते. वर सिमेंटचे स्वतःचे क्षार वेगळेच. वाळूचा मारा करून दगड 'स्वच्छ' करणाऱ्यांशी तर माझे कधीच पटले नाही.

पूर्वी चुना घाण्यात मळून मुरवायचे, आणि पाथरवट छिन्नीने ठोकून आवाजावरून दगडाचा पोकळपणा सांगायचा. ती माणसे आता कामावर दिसत नाहीत, आणि त्यांच्या जागी मोजणारा माणूसही नेमलेला नाही. खिद्रापूरच्या प्रत्येक थराचा ओलावा आणि कठीणपणा पुराआधी व पुरानंतर मोजा. कठीणपणा मोजणारा श्मिट हातोडा भूरूपशास्त्रज्ञाच्या पिशवीत असतोच, पण नाजूक कोरीवावर तो चालत नाही. तिथे हलक्या मारकाचे उपकरण हवे. एवढी नोंद दहा वर्षे सलग राहिली, तर कुठला दगड वाचवायचा यावर वाद घालावा लागणार नाही.