हरलेल्या उमेदवाराचा बिल्ला

लहानपणी निवडणुकीचा बिल्ला सदऱ्यावर मिरवला नसेल असा वाचक विरळाच! अमेरिकेत मात्र या हौसेला थोरामोठ्यांनीच खतपाणी घातले. १७८९ साली वॉशिंग्टन अध्यक्ष झाले, तेव्हा लोकांनी त्यांच्या गौरवाची पितळी बटणे चक्क कोटाला शिवून घेतली. १८६० मध्ये लिंकनचा फोटो लोखंडी पत्र्यावर उतरवून पितळी चौकटीत बसवीत.

खरी बहार आली १८९६ साली. न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीची युक्ती मोठी सोपी. पत्र्याची गोल चकती, तिच्यावर छापील कागद, वर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा. (हो, जुन्या कंगव्यांचे, बाहुल्यांचे तेच सेल्युलॉइड!) दाबयंत्रात कागदाच्या व पापुद्र्याच्या कडा चकतीमागे वळवायच्या आणि मागून धातूचे कडे दाबायचे. करंजीला मुरड घातल्यासारखे सारे घट्ट! कड्यात तारेची टाचणी अडकवली की बिल्ला तयार. पुढे रंग थेट पत्र्यावरच छापू लागले. स्वस्त खरे, पण लवकर ओरखडे पडत.

१९२० साली अध्यक्षपदाला कॉक्स आणि उपाध्यक्षपदाला फ्रँकलिन रूझवेल्ट उभे होते. दोघेही पडले. पक्षाची थैली रिकामी. त्यामुळे दोघांचे चेहरे शेजारी असलेले बिल्ले मोजकेच निघाले. आज त्यांनाच संग्राहक हजारो डॉलर मोजतात! साहजिकच नकला निघाल्या. १९७३ च्या कायद्याने नकलेवर ती बनवल्याचे साल घालणे सक्तीचे केले. तेव्हा असा बिल्ला हाती आलाच, तर आधी त्याची कड नि पाठ न्याहाळा. आणि ओल्या फडक्याने मुळीच पुसू नका. आत पाणी शिरले, की कागदावरचा डाग काही केल्या जात नाही.