शिक्षकांचा परदेशवास

प्रवासाने मनुष्य शहाणा होतो, असे म्हणतात. परंतु पंधरवड्यात दहा शहरे पाहून परतलेला मनुष्य बहुधा छायाचित्रेच घेऊन येतो. शिक्षकाचा प्रवास असा असून चालावयाचे नाही, असे आम्हांस वाटते.

जपानने इ. स. १९८७ मध्ये सुरू केलेली 'जेट' योजना या दृष्टीने विचारार्ह आहे. तीअन्वये परदेशांतील पदवीधर तेथील शाळांत भाषाशिक्षकांचे साहाय्यक म्हणून जातात. करार एक वर्षाचा. तो वाढवून पाच वर्षांपर्यंत राहता येते. तेथील बहुतेक प्राथमिक शाळांत मुले पाळीपाळीने जेवण वाढितात व वर्गशिक्षक त्यांच्याच पंक्तीस बसतो. वर्ग झाडण्यापुसण्याचे कामही मुलेच करितात. श्रमाविषयी दहा व्याख्याने ऐकून जे उमजत नाही, ते अशा शाळेत राहून उमजते.

आपल्याकडेही ही दृष्टी नवी नाही. इ. स. १९४५ मध्ये ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीस काम आरंभिले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यांतील अंगणांत नेली. शिकविण्यापूर्वी मुलांचे जीवन समजून घ्यावे लागते, हे त्यांनी ओळखिले होते.

मात्र अशा प्रवासास पैशाहून घरची संमती दुर्मिळ. शिक्षिका असलेली सून वर्षभर दूर जाऊ म्हणाली, तर "स्वयंपाकघर कोण पाहील?" हाच पहिला प्रश्न निघतो. प्रश्न खोटा नाही. परंतु एकत्र कुटुंबाचे बळ अशा वेळी उपयोगी पडावयाचे नाही, तर केव्हा? शाळेतील मुलांस जे साधते, ते घरच्या कर्त्या पुरुषांस का साधू नये?