तंबू खाणारी बुरशी

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू, पट्टे, कपडे बघता बघता कुजायला लागले. बोगनविल बेटावरच्या अशाच एका कुजक्या कापडावरून वेगळी काढलेली बुरशी 'क्यूएम ६ए' या क्रमांकाने जपून ठेवली गेली. खरं तर काम होतं तिचा बंदोबस्त करण्याचं. पण लष्करी प्रयोगशाळेतल्या एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांना कुतूहल वेगळंच होतं: ही बया कापड खाते तरी कशी? पुढे १९७७ मध्ये रीस यांच्याच नावावरून तिचं बारसं झालं, ट्रायकोडर्मा रीसाय. बीजप्रक्रियेला आपले शेतकरी वापरतात ती ट्रायकोडर्मा हिच्याच गोतातली.

कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या. भातातला स्टार्चही ग्लुकोजचाच, फक्त सांधे निराळे. तेवढ्यामुळे भात आपल्याला पचतो, पेंढा पचत नाही. बुरशीला पोट नाही. ती विकरं बाहेर सोडते आणि विरघळलेली साखर शोषून घेते. एक विकर साखळी मधेच तोडतं. दुसऱ्याच्या अंगात चक्क बोगदा असतो. चरकात ऊस सरकावा तसं साखळीचं टोक त्यात शिरतं आणि दर खेपेला ग्लुकोजची एक जोडी तुटून बाहेर पडते. गंमत म्हणजे या जोड्या साचल्या की बोगदाच तुंबतो! त्या फोडणारं तिसरं विकर ही बुरशी हात राखूनच सोडते, म्हणून उद्योगात ते बाहेरून घालावं लागतं.

२००८ मध्ये तिचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा सेल्युलोज फोडणारी जनुकं अपेक्षेपेक्षा कमीच निघाली. हिचं बळ हत्यारांच्या संख्येत नाही, ती भरमसाट स्रवण्यात आहे. जीन्सला जुनाट रूप देण्यासाठीही असलीच विकरं वापरतात.

पानिपतला २०२२ मध्ये सुरू झालेल्या इंडियन ऑइलच्या प्रकल्पात अशाच विकरांच्या मदतीने भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्याची योजना आहे. वर्षाला दोन लाख टन पेंढा, तीन कोटी लिटर इथेनॉल. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राजचं. पण पेंढ्यातलं सेल्युलोज लिग्निन नावाच्या चिवट पदार्थात लपेटलेलं असतं. ते आधी मोकळं करा, मग विकरं विकत घ्या, असा दुहेरी खर्च. उसाच्या मळीत साखर आयतीच असते, नुसतं यीस्ट घातलं की झालं. त्यामुळे आपल्या साखर कारखान्यांत इथेनॉल प्रामुख्याने मळी आणि रसापासून होतं, आणि सेल्युलोजने भरलेला बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, अजून बॉयलरमध्येच जातो.