पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागले की आमच्या ग्वाल्हेरात घरोघरच्या ट्रंका उघडतात. डांबराच्या गोळ्यांचा वास माजघरापासून गच्चीपर्यंत पसरतो आणि वर्षभर घडी होऊन पडलेले लोकरीचे कपडे वाळवणासारखे उन्हात मांडले जातात. आमच्या घरी या दिवसांत माळ्यावरून आणखी एक वस्तू खाली येते. ती म्हणजे जाड्याभरड्या कापडाची एक जुनी पिशवी. तीत सुयांचे चार-पाच जोड आणि उरल्यासुरल्या लोकरीचे गुंडे असतात. ही पिशवी आमच्या मातुश्रींची. १९९७ साली त्या निवर्तल्या तेव्हा दागिने, भांडीकुंडी ज्याची त्याला गेली. पिशवी तेवढी आमच्या वाट्याला आली. शासकीय शाळेच्या मुख्याध्यापकाने स्वेटर विणावेत की नाही, याविषयी आमच्या आप्तेष्टांत अद्याप एकमत झालेले नाही. आम्ही विणतो.

वस्तुतः आम्हा दक्षिणी मंडळींचा आणि या विद्येचा संबंध फार जुना नव्हे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास येथे छावणी केली, त्या छावणीचेच ‘लष्कर’ हे शहर झाले. तिच्या मागोमाग कोकणातून आणि देशावरून जी घराणी आली, त्यांना घोंगडी ठाऊक होती, शालजोडी ठाऊक होती. दोन सुयांवर विणलेला स्वेटर ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आमच्या आजीने जन्मभर सुई धरली ती शिवणाचीच. फाळणीनंतर पंजाबी आणि सिंधी निर्वासित कुटुंबे या शहरात स्थायिक झाली. मातुश्रींची गुरू अशाच एका पंजाबी घरातली शेजारीण. दुपारची कामे आटोपली की दोघी गच्चीवर पाठीला ऊन घेऊन बसत, आणि एकीची हिंदी व दुसरीची मराठी यांच्यामध्ये स्वेटर वाढत जाई. त्यामुळे आमच्या घरची विणकामाची भाषा अर्धी त्यांचीच आहे. पुण्याकडच्या पाहुण्या ‘सुई’ म्हणतात, आमच्या घरी ‘सलाई’. त्या ‘टाका’ म्हणतात, आम्ही ‘फंदा’. मराठीची एम.ए.ची पदवी पदरात पडल्यावर आम्ही घरात ‘टाका’ रूढ करण्याचा उद्योग करून पाहिला. मातुश्री म्हणाल्या, “टाका म्हण, फंदा म्हण, सुटला नाही म्हणजे झालं.” या लेखात मात्र आम्ही ‘टाका’च म्हणणार आहोत.

आम्हांला बहीण नाही. त्या काळी लोकर लडीने मिळे, आणि लडीचा गुंडा करायचा तर ती दोन्ही हातांवर ताणून धरायला समोर कोणीतरी लागे. ते काम आमच्याकडे होते. दोन्ही हात गुंतलेले, पळून जाण्याची सोय नाही. मग डोळे मातुश्रींच्या बोटांकडे लागून राहत. नवव्या की दहाव्या वर्षी त्यांनीच एकदा वीस टाके घालून सुया आमच्या हाती दिल्या. वडिलांनी पाहिले न पाहिल्यासारखे केले. पुढे वाचनात आले की युरोपात शेकडो वर्षे मोजे आणि टोप्या विणून पोट भरणाऱ्या कारागिरांच्या संघांत पुरुषच असत. ही माहिती वडिलांना सांगण्याची संधी मात्र राहून गेली.

१९९८ साली आम्हांला मुलगी झाली. आमच्या सौ. बँकेत नोकरीस, विणकामाची त्यांना आवड नाही आणि तसे त्या स्वच्छ सांगतात. तेव्हा पहिल्या हिवाळ्यात पिशवी आम्हीच उघडली. सतरा गुंडे निघाले, पण एकाही रंगाची लोकर तान्ह्या मुलाच्या स्वेटरालाही पुरेल इतकी नव्हती. नवी आणून जुळवावी म्हटले तर दुसरी अडचण. लोकर कढईकढईने रंगवली जाते. आजचा लाल आणि पुढल्या महिन्याचा लाल यांत अंधुकसा भेद राहतोच. गुंड्याच्या कागदी पट्टीवर रंगाच्या क्रमांकाशेजारी घाणाही छापलेला असतो तो याचसाठी. दुकानात दिव्याखाली जुळलेला रंग गच्चीवरच्या उन्हात फुटतो आणि स्वेटरावर मधोमध एक रेघ कायमची दिसत राहते. ती रेघ चुकवता येत नसेल, तर ती उघडपणे घालावी आणि आणखी दहा घालाव्यात. म्हणून पट्टे. पाहणारे त्याला हौस समजतात. मुळात ती काटकसर असते. अर्थात पट्ट्यांना मोठ्या दरबारीही मान मिळालेला आहे. फ्रान्सच्या नौदलाने १८५८ साली खलाशांच्या विणलेल्या सदऱ्याचा नियमच केला. त्यात पांढरे पट्टे एकवीस आणि पांढरा पट्टा निळ्याच्या दुप्पट रुंद, असे मापासकट नमूद होते. दुपटीची ही गोष्ट पुढे आमच्याही उपयोगी पडली.

पट्टे विणणे दिसते तितके सोपे नाही. भगिनींना हे सांगणे म्हणजे आगाऊपणा, पण एखादा पुरुष वाचक असेल त्याच्यासाठी सांगतो. दोन सुयांवर विणताना एक ओळ जाते आणि एक ओळ येते. तेव्हा पट्ट्यात ओळी सम हव्यात. दोन, चार, सहा. विषम घातल्या की दोरा पलीकडच्या टोकाला राहतो, तोडावा लागतो, आणि तोडलेली टोके मग शिवून लपवावी लागतात. सम ओळींत दोरा कडेकडेने वर नेता येतो. फक्त दर दोन ओळींनी नव्या दोऱ्याला एक पीळ द्यायचा, नाहीतर कडेला फास लोंबतात आणि मुलांची बोटे त्यांत अडकतात. रंग बदलायचा तो सुलट ओळीवर. उलट ओळीवर बदलला तर दोन रंगांच्या सीमेवर ठिपके उमटतात. काठाच्या दोन सुलट-दोन उलट विणीतही नव्या रंगाची पहिली ओळ सगळी सुलट घ्यावी. हे शेवटचे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. लेकीच्या पहिल्या स्वेटराचा काठ त्यामुळे देवी आल्यासारखा दिसत असे.

खरी गोष्ट आहे ती २००४ च्या हिवाळ्याची. मुलगी सहा वर्षांची झाली होती आणि तिला लाल स्वेटर हवा होता. लाल लोकर पिशवीत होती पन्नास ग्रॅमहून कमी. त्या वयाच्या स्वेटराला चार प्लायची सुमारे दोनशे ग्रॅम लागते. पिवळी आणि निळी पुरेशी होती. लाल सगळीकडे दिसला पाहिजे, पण खर्च झाला पाहिजे पाचवा हिस्सा. त्या आठवड्यात वर्गात आम्ही छंद शिकवीत होतो. फळ्यावर लघू-गुरूंची चिन्हे मांडता मांडता उत्तर समोर उभे राहिले. लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. लघू म्हणजे दोन ओळी, गुरू म्हणजे चार. यगणात आधी लघू, मग दोन गुरू. पाच मात्रा, दहा ओळी. लाल लघू, पिवळा गुरू, निळा गुरू. यगण चार वेळा आला की भुजंगप्रयाताचा एक चरण होतो. म्हणजे चाळीस ओळींत लालच्या फक्त आठ, अगदी पाचवा हिस्सा, आणि तरी दर दहा ओळींना त्याचे दर्शन!

बारा नंबरच्या सुयांवर चौऱ्याण्णव टाके घालून दोन इंच काठ विणला आणि मग दहा नंबरच्या सुया घेतल्या. (सुयांचा हा जुना हिशेब उफराटा, नंबर वाढला की सुई बारीक.) इंचाला नऊ ओळी बसत होत्या. तीन चरण पुरे होतात न होतात तोच खांदा आला. श्लोक अपुरा राहिला म्हणून चौथा चरण बाह्यांवर घेतला. बाह्यांचे पट्टे पाठीच्या पट्ट्यांशी जुळवायचे तर काखेपासून खाली मनगटापर्यंत उलटे मोजत यावे लागते. त्या रात्री उत्तरपत्रिका बाजूला ठेवून आम्ही वहीत हिशेब करीत होतो, असे सौ. अजून सांगतात.

या निमित्ताने एक जुना विषय पुन्हा वाचला. ठराविक मात्रांत लघू-गुरू किती प्रकारे बसतील, हा प्रश्न आपल्या छंदःशास्त्रकारांनी फार पूर्वी सोडवला आहे. एका मात्रेत एक, दोनांत दोन, तिनांत तीन, चारांत पाच, पाचांत आठ. पुढची प्रत्येक संख्या मागल्या दोहोंची बेरीज. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी हे सांगितले, आणि विरहांकाने त्यांच्याही कित्येक शतके आधी. युरोपात हीच संख्यामाला फिबोनाचीच्या १२०२ मधल्या ग्रंथामुळे त्याच्या नावाने चालते. पाच मात्रांच्या आमच्या दहा ओळी, म्हणजे, आठ तऱ्हांनी विणता आल्या असत्या. आम्ही त्यांतली एक निवडली, तीही लाल लोकर कमी पडली म्हणून.

मुलगी त्या स्वेटरावर बोट फिरवीत ‘लघू, गुरू, गुरू’ म्हणत असे. अक्षरओळख नीट व्हायच्या आत तिला गण पाठ झाला. मुले वाढतात, स्वेटर वाढत नाहीत. म्हणून दर दोन वर्षांनी आम्ही तो उसवून पुन्हा विणीत असू. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी निघते. तिची लडी बांधून, कोमट पाण्यात बुचकळून, खाली वजन टांगून सरळ करावी लागते. दर खेपेस टाके वाढत, एखादा नवा गुंडा मिसळे, गण तोच राही.

२०१० च्या जानेवारीत, पारा दोन-तीन अंशांवर उतरला असताना, ती एक दिवस शाळेतून कुडकुडत आली. स्वेटर दप्तरात होता. विचारले तेव्हा म्हणाली, “बाबा, मला थंडी वाजत नाही.” दुसऱ्या दिवशीही तेच. अखेर तिच्या आईकडून कळले, की वर्गातल्या मुलींनी ‘बची हुई ऊन का’ म्हणून नाव ठेवले होते, आणि वडील विणतात हे कळल्यावर तर हसू आवरले नव्हते. तिचे वय बारा. त्या वयाच्या मुलामुलींत आमचा सारा दिवस जातो. कोणता शब्द कोणाला किती लागतो हे आम्हांला कळायला हवे होते. आम्हांला राग आला. त्याच रात्री जेवणानंतर तो स्वेटर आम्ही गळ्यापासून काठापर्यंत उसवून काढला. ती दाराशी उभी राहून पाहत होती आणि आम्ही ते जाणून होतो. सकाळी बाजारातून तयार निळा स्वेटर आणला, तो तिने निमूटपणे घातला. उसवलेल्या लोकरीची पुढे देवघरातली दोन आसने झाली. त्यांतले एक उंदरांनी खाल्ले, दुसऱ्यावर आम्ही अजून बसतो.

त्यानंतर आम्ही लेकीसाठी काही विणले नाही, आणि तिनेही कधी मागितले नाही. भाचरांसाठी टोप्या, शेजारच्या बाळासाठी मोजे, असा हात चालू राहिला. या विषयावर घरात बोलणे झाले नाही ते नाहीच.

ती आता दिल्लीला नोकरीस असते. २०२४ च्या डिसेंबरात तिचा दूरध्वनी आला. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर म्हणाली, “बाबा, तो आपला लघू-गुरूचा स्वेटर होता ना, त्याचं माप लिहून ठेवलंय का कुठे?” माप लिहिलेली वही केव्हाच रद्दीत गेली होती. विणकाम शिकायला घेतले आहे, मफलर करणार आहे, एवढेच तिने सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही पत्र लिहिले. मफलर साध्या सुलट विणीचा असू दे, म्हणजे कडा वळणार नाहीत. चाळीस टाके पुरेत. लघूला दोन ओळी, गुरूला चार. रंग तीन, लाल पहिला. आणखीही एक-दोन वाक्ये त्या रात्रीविषयी लिहिली होती, ती खोडली, मग दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहिली आणि पाकीट बंद केले.

उत्तर आले नाही; आले ते छायाचित्र. वीतभर झालेला मफलर, कडा किंचित वाकड्या, एके ठिकाणी टाका सुटलेला. पट्टे मोजले तर लाल रुंद, मग अरुंद पिवळा, मग रुंद निळा. यगणाचा रगण झाला होता, चारही वेळा. खाली तिने लिहिले होते, “बाबा, चुकलं. सगळं उसवू का?” आम्ही तत्काळ कळवले, की उसवू नकोस, चार रगणांची स्रग्विणी होते, आणि लाल लोकर किती उरली आहे ते मोजून सांग.