व्हॅनला हिच बसवली, पण उलाळ शब्द बाबांनी आठवून दिला

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलतानाचे 'आय मीन' आणि 'म्हणजे बघा' मी काढून टाकलेत, तरी एखादा राहिला असेल तर सांभाळून घ्या.

मागच्या भागात मी सहज बोलून गेलो की माझ्या व्हॅनला मी स्वतः टो हिच बसवली. त्यावर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले: "किती टनाची आहे?" मीही सुरुवातीला हाच प्रश्न विचारला होता. आता वाटतं की हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. का, ते सांगतो.

आधी गाडी. मी कॅनडात, व्हँकुव्हरजवळ राहतो आणि माझ्याकडे १९९७ ची मित्सुबिशी डेलिका आहे. भारतात डेलिका फारशी कुणी बघितली नसेल, पण पजेरो बघितली असेल. पजेरोची फोर बाय फोर यंत्रणा घ्या, त्यावर उंच व्हॅनची पेटी ठेवा, झाली डेलिका. स्टिअरिंग उजवीकडे, कारण गाडी जपानहून आलेली. इथे नियम असा आहे की गाडी १५ वर्षांपेक्षा जुनी असेल तर कॅनडाचे सुरक्षा निकष न लावता ती आयात करता येते. शेजारी अमेरिकेत त्यासाठी २५ वर्षं थांबावं लागतं. त्यामुळे आमच्या भागात डेलिका रस्त्यावर सर्रास दिसतात. (आपल्याकडची सवय असल्यामुळे मला उजवं स्टिअरिंग घरच्यासारखं वाटतं. फक्त ड्राइव्ह-थ्रूमधून कॉफी घेताना बायकोला बिल द्यावं लागतं.)

अडचण अशी की इथे विकल्या गेलेल्या कुठल्याही पिकअपला कंपनीची हिच मिळते, वजनाची मर्यादा मॅन्युअलमध्ये छापलेली असते, दुकानात जाऊन मॉडेल सांगितलं की काम झालं. माझी गाडी इथल्या कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाही आणि मॅन्युअल जपानीत. म्हणून एका छोट्या वर्कशॉपने डेलिकासाठी बनवलेली बोल्टने बसणारी हिच मी घेतली. हिच म्हणजे मागच्या बंपरखाली आडवा जाणारा जाड लोखंडी पाइप, मध्ये एक चौकोनी तोंड आणि दोन्ही बाजूंना गाडीच्या चासीला बसणाऱ्या पट्ट्या. त्या चौकोनी तोंडात बॉल माउंट सरकवायचा, त्यावर लोखंडी बॉल, आणि बॉलवर ट्रेलर.

एक गैरसमज आधीच दूर करतो. जपानी गाड्यांना मागे खाली एक गोल कडी असते. ती बघून बरेच जण म्हणतात, "अरे, हूक तर आहेच की!" ती कडी जहाजावर गाडी बांधायला किंवा चिखलातून हळूच ओढायला असते. ट्रेलर म्हणजे तासन् तास खालीवर, डावीउजवीकडे बसणारे धक्के. दोन्ही कामं वेगळी.

आता 'किती टन'. माझ्या हिचचं तोंड २ इंचाचं आहे, ज्याला इथे क्लास थ्री म्हणतात. त्या क्लासच्या हिच काही हजार पौंडांच्या असतात आणि तो आकडा स्टिकरवर ठळक छापलेला असतो. पण तो आकडा फक्त त्या लोखंडाचा आहे. ओढण्याचा जोर बॉलपासून बॉल माउंटमध्ये, तिथून पाइपात, पट्टीत, बोल्टमध्ये, चासीत आणि शेवटी टायरपर्यंत जातो. या साखळीत सगळ्यात कमजोर कडी जेवढी, तेवढीच तुमची क्षमता. सर्व्हर कितीही तगडा असू दे, डेटाबेस रडत असेल तर साइट रडणारच, तसंच. डेलिकाची हीच गाडी युरोपात स्पेस गिअर नावाने विकली जायची. तिकडच्या मॅन्युअलमध्ये ओढायच्या वजनाचे आकडे असतात, ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरचे वेगवेगळे. मी त्यातला ब्रेक नसलेल्या ट्रेलरचा लहान आकडा धरून चाललो. स्टिकर विसरलो.

साखळीतली पहिली शंका होती चासीची. जपानच्या बर्फाळ भागात फिरलेली गाडी असेल तर खालून गंजलेली असू शकते. जपानी लिलावाच्या कागदावर गाडीचं चित्र असतं आणि त्यावर गंज कुठे आहे ते 'एस' अक्षराने दाखवतात. माझ्या कागदावर मागच्या बाजूला एक 'एस' होता. म्हणून हिच यायच्या आधी गाडी जॅक स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीही शिरू नका, हे विनोदाने सांगत नाहीये) आणि जिथे पट्ट्या बसणार होत्या तिथे हातोडीने ठोकून पाहिलं. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला ढबढब. जाड स्क्रूड्रायव्हर जोर लावून टोचला. वरवरचा तांबडा थर निघाला, खाली लोखंड शाबूत. टोक आत गेलं असतं तर मी हिच परत पाठवणार होतो, एवढं ठरवलं होतं.

दुसरी कडी बोल्ट, आणि इथे मी जवळपास फसलो. चासीत आधीपासून वेल्ड केलेले नट असतात. किटमधला एक बोल्ट माझ्याकडून हरवला, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून एम १२ चा बोल्ट आणला. जाडी बरोबर तीच. दोन आटे हाताने गेले आणि अडकला. मला वाटलं गंज असेल, इम्पॅक्ट गन लावली की जाईल. नशीब, आधी दोन्ही बोल्ट शेजारी धरून बघितले. जपानी गाड्यांत एम १२ बोल्टच्या आट्यांमधलं अंतर सहसा १.२५ मिलिमीटर असतं. इथल्या दुकानात साधारणपणे मिळतो तो १.७५ चा. गन लावली असती तर चासीतल्या नटाचे आटे फाटले असते, आणि तो नट बंद पोकळीत असल्यामुळे बदलायला पत्रा कापावा लागला असता. तेव्हापासून माझा नियम: पहिले पाच-सहा आटे हाताने गेले पाहिजेत, नाही गेले तर थांबायचं. आणि डोक्यावर १०.९ लिहिलेला बोल्ट काढला तर तिथे १०.९ चाच परत जाणार, ८.८ चा नाही. ते आकडे बोल्टच्या ताकदीचे आहेत.

टॉर्क रेंच का लागतो, हेही मला आधी नीट कळलं नव्हतं. मला वाटायचं बोल्ट आडवा उभा राहून भार झेलतो, खुंटीसारखा. खरं म्हणजे घट्ट आवळलेला बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि पट्टी व चासी एकमेकांवर दाबून धरतो. भार घेतं ते त्या दोघांमधलं घर्षण. बोल्ट सैल झाला की घर्षण गेलं, मग पट्टी रोज थोडी थोडी सरकते आणि बोल्ट कापला जातो. म्हणून ठरलेल्या टॉर्कवर आवळायचं आणि शंभरेक किलोमीटर चालवून परत तपासायचं, कारण मधला रंग दबतो आणि पकड कमी होते. माझे चारपैकी दोन बोल्ट दुसऱ्यांदा तपासताना खरंच थोडे फिरले.

वायरिंग हा माझा आवडता भाग. इथल्या छोट्या ट्रेलरला चार वायरी असतात: पांढरी अर्थ, तपकिरी टेललाइट, पिवळी डावीकडची, हिरवी उजवीकडची. गंमत अशी की पिवळी आणि हिरवी या ब्रेक आणि इंडिकेटर दोन्हींसाठी. म्हणजे ट्रेलरचा एकच लाल दिवा ब्रेक दाबला की पेटतो आणि वळताना लुकलुकतो. जपानी गाडीत मात्र ब्रेक लाल आणि इंडिकेटर पिवळा, दोन्ही वेगळे. सरळ जोडलं तर वळताना ब्रेक मारल्यावर काय दिसेल, याचा भरवसा नाही. म्हणून मध्ये एक छोटा कन्व्हर्टर डबा लागतो. एका एपीआयचा रिस्पॉन्स दुसऱ्याला समजेल असा करून देणारा अडॅप्टर लिहितो ना, अगदी तोच प्रकार, फक्त बारा व्होल्टचा. थेट बॅटरीवरून फ्यूज लावून वीज घेणारा कन्व्हर्टर घ्या, म्हणजे ट्रेलरच्या दिव्यांचा बोजा २५ वर्षांहून जुन्या वायरींवर पडत नाही. आणि अर्थची वायर रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर बसवा. इंडिकेटर दिल्यावर ट्रेलरचे दोन्ही दिवे मंद मंद लुकलुकायला लागले तर दहापैकी नऊ वेळा अर्थ खराब असतो.

तर एवढं सगळं करून मी भारी खूश होतो. आणि मग पहिल्याच खऱ्या फेरीत माती खाल्ली.

एका मित्राचं घर चिलिवॅकला हलवायचं होतं. उसना आणलेला एक चाकजोडीचा उघडा ट्रेलर, ब्रेक नसलेला. सामानासकट सगळं वजन साधारण ६०० किलो, म्हणजे मर्यादेत. हलकं सामान आधी भरलं, खोकी, गाद्या वगैरे, आणि वॉशिंग मशीन शेवटी. म्हणजे सगळ्यात मागे. चेन लावल्या, बॉलखाली एकमेकींना छेद देऊन, जेणेकरून ट्रेलर निसटलाच तर त्याचं तोंड चेनच्या झोळीत पडेल. दिवे तपासले. निघालो.

अ‍ॅबट्सफर्डच्या पुढे हायवेवर वेग नव्वदच्या आसपास गेला आणि एक मोठा ट्रक शेजारून गेला. ट्रेलर डावीकडे हलला, मग उजवीकडे, मग त्याहून जास्त डावीकडे. तिसऱ्या हेलकाव्याला व्हॅनचं ढुंगण त्याच्याबरोबर जायला लागलं. शेजारी बसलेला मित्र फक्त "भाऊ... भाऊ..." एवढंच म्हणत होता. पाय आपोआप ब्रेककडे जातो. तो जाऊ द्यायचा नसतो, कारण व्हॅन मंदावली की मागून ट्रेलर ढकलतो आणि हेलकावा वाढतो. मी हे वाचलेलं होतं, पण खरं सांगतो, ब्रेकवर पाय टेकवला होता. मग काढला. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, उलट वळवून सावरायचा प्रयत्न केला नाही. वेग सत्तरच्या खाली आल्यावर ट्रेलर शांत झाला. पुढच्या एक्झिटला बाहेर पडलो, पेट्रोल पंपावर थांबलो, आणि दोघंही पाच मिनिटं काही बोललो नाही.

हिच जशीच्या तशी होती, एक बोल्टही हलला नव्हता. मग ट्रेलरचं तोंड बॉलवरून काढून उचललं तर ते एका हाताने वर आलं. तिथेच उत्तर होतं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर खाली दाबणारा हवा. ६०० किलोला ६० ते ९० किलो. माझा पंधरा-वीस असेल. वजन चाकांच्या मागे गेलं की ट्रेलर पेंड्युलमसारखा वागतो, आणि एका वेगाच्या पुढे प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा होतो. आम्ही तिथेच वॉशिंग मशीन पुढे आणून बांधलं आणि उरलेला रस्ता ऐंशीने गेलो.

रात्री घरी फोन केला, भारतात सकाळ होती. बाबांना सगळं सांगितलं. ते सांगली जिल्ह्यातले, लहानपणी बैलगाडी हाकलेली. पूर्ण ऐकून म्हणाले, "अरे, मग उलाळ झाली म्हण की गाडी." बैलगाडीत मागे जास्त भरलं की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेला पट्टा ओढतो, त्याला उलाळ म्हणतात. आणि फार पुढे भरलं तर सगळा भार बैलाच्या मानेवर. "आम्ही भरून झाल्यावर जू हाताने उचलून बघायचो, मग बैल जुंपायचो." मी तीन आठवडे टॉर्कचे तक्ते वाचत होतो आणि हे एक काम केलं नव्हतं.

पुढे भरलेलंही फार चालत नाही, कारण बॉल मागच्या चाकांच्याही मागे लोंबतो. माझ्या डेलिकात चाकांमधलं अंतर २.८ मीटर आहे आणि बॉल मागच्या आसापासून साधारण १.२ मीटर मागे. बॉलवर ८० किलो टाकले तर मागच्या आसावर जवळजवळ ११४ किलो येतात आणि पुढची चाकं ३४ किलोंनी हलकी होतात. पुढची चाकं म्हणजे स्टिअरिंग आणि बराचसा ब्रेक. शिवाय ते ८० किलो गाडीतल्या माणसांच्या आणि सामानाच्या मर्यादेतूनच वजा होतात, वेगळे मिळत नाहीत.

आता माझ्याकडे बाथरूमचा साधा वजनकाटा कायम व्हॅनमध्ये असतो. ट्रेलर भरला की सपाट जागेवर, चाकांना अडण लावून, त्याचं तोंड बॉलच्या उंचीला येईल असा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवतो आणि आकडा बघतो. कमी असेल तर एखादं खोकं पुढे, जास्त असेल तर मागे. पाच मिनिटांचं काम.

जूनमध्ये आईबाबा येणार आहेत. छोटा कॅम्पिंग ट्रेलर भाड्याने घेऊन जवळच कुठेतरी जायचं ठरलंय. कोक्विहालाचा १२४४ मीटरचा घाट सध्या नको, तिथल्या चढावर या जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला ट्रेलरसकट तापवायची माझी तयारी नाही. ट्रेलर भरून झाला की तोंड उचलून कोण बघणार, हे बाबांनी आधीच सांगून ठेवलंय.

पुढच्या भागात गिअरबॉक्सचं तापमान फोनवर कसं दाखवायचं ते सांगतो. काही प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, आणि हिचचा फोटो पाठवणार असाल तर प्लीज बोल्टच्या डोक्यावरचे आकडे दिसतील असा काढा.