उभा वारा आणि पंखाचा कोन

२१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं इंडिगोचं विमान पठाणकोटजवळ ३६ हजार फुटांवर गारपिटीच्या ढगात सापडलं. वर-खाली उसळणाऱ्या झोतांमुळे ऑटोपायलट सुटला आणि काही क्षण विमान मिनिटाला ८,५०० फूट वेगानं खाली येत होतं, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं सांगितलं. वैमानिकांनी ते हातानं सांभाळलं आणि सगळे प्रवासी सुखरूप उतरले. त्याच संध्याकाळी दिल्लीतही वादळ झालं. सफदरजंगला वाऱ्यानं ताशी ७९ किलोमीटर गाठले.

असा उभा झोत आला की प्रवाशाला धक्का तेवढा जाणवतो. पंखाच्या दृष्टीनं मात्र वारा समोरून येण्याचा कोनच बदललेला असतो. हँग ग्लायडर, म्हणजे माणूस ज्याला लोंबकळून उडतो तो कापडी पंख, सेकंदाला १० मीटर वेगानं उडत असताना सेकंदाला ३ मीटरचा झोत खालून आला, तर हा कोन तब्बल १७ अंशांनी वाढतो. सेकंदाला २३० मीटर कापणाऱ्या प्रवासी विमानासाठी तोच बदल एक अंशही भरत नाही. कोन फार वाढला की पंखावरचा प्रवाह तुटतो, उचल जाते आणि नाक खाली पडतं.

वरून येणारा झोत मला जास्त भयंकर वाटतो. कोन शून्याखाली गेला की कापडी पंख फडफडतो, त्याचा आकारच मोडतो. हँग ग्लायडरला शेपूट नसते. वैमानिक पट्ट्याला लोंबकळून, शरीर पुढे-मागे सरकवून नाक वर-खाली करतो. झोतानं पंख खाली दाबला की पट्टा सैल पडतो आणि वैमानिकाच्या वजनाचा उपयोगच उरत नाही. मग ग्लायडर नाकावर कोलांटी घेऊ शकतो. १९७० च्या दशकात अशा अपघातांमध्ये अनेकांचे जीव गेले. त्यानंतर पंखाची मागची कड दोऱ्यांनी किंवा आतल्या दांड्यांनी वर धरून ठेवण्याची सोय झाली, म्हणजे उचल संपली तरी नाक आपोआप वर येतं. नाक वर आणण्याची ही ताकद खरोखर आहे का, हे पंख धावत्या गाडीवर बसवून मोजतात.

झोतांच्या हवेत वैमानिक हातातली दांडी छातीकडे ओढून वेग वाढवतो. वेग सेकंदाला १५ मीटर झाला, तर त्याच ३ मीटरच्या झोतानं कोन ११ अंशच बदलतो.

उत्तर भारतातल्या आंधीपुढे मात्र हे सगळं अपुरं आहे. ढगातून कोसळलेली थंड हवा जमिनीवर आपटून पसरते आणि वादळाच्या कितीतरी पुढे धावते. तिच्या कडेवर आधी जोरदार वर, लगेच जोरदार खाली असा क्रम मिळू शकतो. पहिल्या झोतानं मंदावलेल्या ग्लायडरला दुसरा गाठतो. म्हणून दूरवर गडगडाटी ढग दिसला, की आकाश डोक्यावर निळं असलं तरी उड्डाण करत नाहीत.